अंडं, हवा आणि मी

एअर फ्रायरमध्ये अंडी उकडता येतात, हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘कशाला?’

हा प्रश्न विचारणाऱ्यांविषयी माझं मत फार वाईट आहे. एव्हरेस्टवर कशाला चढायचं, असं जॉर्ज मॅलरीला विचारल्यावर ‘तो तिथे आहे म्हणून’ असं तो म्हणाल्याचं सांगतात. आमचा एअर फ्रायर ओट्यावर आहे. दिवाळीच्या सेलमध्ये मुलीने घेऊन दिला तेव्हापासून मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरच्या मध्ये ठाण मांडून बसलाय. पहिल्या उत्साहात अळूवडी, कोथिंबीर वडी आणि साबुदाणे वडे यांचा त्यात कोरडा शेवट झाला. एक पापड तर आतल्या झोतावर उडून वरच्या तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटला. त्यानंतर यंत्र बेकार होतं. बेकाराला काम देणं यात पुण्य आहे, एवढं कारण मला पुरतं.

कृती सांगतो. अंडी फ्रिजमधून काढून थेट जाळीच्या टोपलीत ठेवायची. पाणी नाही, मीठ नाही, व्हिनेगर नाही. तापमान १३५ अंश सेल्सिअस, वेळ १६ मिनिटं. घंटी वाजली की अंडी बर्फाच्या पाण्यात. बलक जरा मऊ हवा असेल तर दोन-तीन मिनिटं आधीच काढायची. संपलं. हे सांगताना ‘एकशे पस्तीस’ म्हटल्यावर मी किंचित थांबतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक झाला, पण तो ‘मंद’, ‘मध्यम’ आणि ‘अगं, जळतंय!’ या तीनच तापमानांवर. अंशांत बोलणारा घराण्यातला पहिला पुरुष मी.

हे यंत्र नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वाय या गृहस्थांच्या डोक्यातून निघालं आणि फिलिप्सने ते २०१० साली बाजारात आणलं. आत एक तापणारी कॉइल, तिच्यावर एक पंखा, आणि पंख्याने गरागरा फिरवलेली गरम हवा, एवढाच मामला. कमी तेलात बटाट्याचे फ्राइज कुरकुरीत व्हावेत ही त्या गृहस्थांची तळमळ. त्यांच्या डोक्यात बटाटा होता, माझ्या डोक्यात अंडं आलं. विज्ञान असंच पुढे जातं.

बायकोचा विज्ञानाला विरोध नाही, तिचा हिशेब पक्का आहे एवढंच. ‘पाण्याला उकळी यायला पाच मिनिटं, वर दहा मिनिटं, म्हणजे पंधरा. तुमच्या यंत्राला सोळा. आणि वर ती घरघर!’ शिवाय विजेचं कलम आहेच. पंधराशे वॅटचं यंत्र सोळा मिनिटं अखंड चाललं तर ०.४ युनिट जळतं. कॉइल अधूनमधून आपोआप बंद होते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच जळतं, हे मी सांगितलं. ‘मग गॅसही अधूनमधून बंद करते मी,’ ती म्हणाली. या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण वाद तिने जिंकल्याचं दोघांनाही कळलं.

इथे एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. भौतिकशास्त्र बायकोच्या बाजूने आहे. उष्णता पोचवण्याच्या कामात पाणी हवेपेक्षा कितीतरी सरस. १३५ अंशांच्या हवेत क्षणभर हात घालून काढून घेता येतो, १०० अंशांच्या पाण्यात तो विचारही करू नये. आणि पाण्याला स्वतःची पायरी कळते. खाली कितीही जाळ करा, समुद्रसपाटीला ते १०० अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे पातेल्यातलं अंडं चुलीवर असो की गॅसवर, त्याला एक अंश जास्त सोसावा लागत नाही. हवेला अशी पायरी नाही. ती तापवाल तेवढी तापते, आणि हवेत असलेली माणसंही.

अशा वेळी मी वाद उंचीवर नेतो. समुद्रसपाटीपासून वर जाऊ तसं दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० च्या आसपास. अंड्याच्या पांढऱ्या भागातलं मुख्य प्रथिन घट्ट व्हायला मात्र ८० अंश लागतात. म्हणजे एव्हरेस्टवर पातेल्यात अंडं घालून दिवसभर बसलात, तरी ते धड कडक होणार नाही. एअर फ्रायरला हवा पातळ झाली तर वेळ थोडा जास्त लागेल, पण अंश गाठायला त्याला कुणाची मनाई नाही. माथ्यावर फक्त एक प्लग हवा.

‘आपण डोंबिवलीत राहतो,’ बायको म्हणाली.

सोलण्याच्या बाबतीतही मी लोकांना बरंच काही शिकवलेलं आहे. ताजं अंडं सोलायला हट्टी असतं. दिवस जातील तसा कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांमधून आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग अल्कधर्मी होत जातो आणि आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून राहण्याची त्याची जिद्द संपते. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेलं अंडं म्हणूनच गुळगुळीत निघतं. सासुरवाडीहून आलेली, आदल्या दिवशीची गावठी अंडी मी टोपलीत लावली तेव्हा निम्मा पांढरा भाग कवचाबरोबर गेला आणि उरलं ते पाहून मुलगी म्हणाली, ‘बाबा, चंद्राचा दक्षिण ध्रुव का?’ मी तिला कोंबडीची बाजू समजावून सांगितली. इतकं ताजं घालायची तिला काही गरज नव्हती.

जाळीला टेकलेल्या जागी कवचावर तपकिरी ठिपके उठतात, कधी आतल्या पांढऱ्यावरही. त्याला मी ‘रोस्टेड’ म्हणतो. ठिपके दिसतील अशा बेताने अंडी उभी कापून, वर काळी मिरी भुरभुरवून, फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांचे हात, अंगठे, तोंडाला पाणी सुटलेले चेहरे. न्यू जर्सीच्या चुलतभावाने कृती मागितली. त्याच्याकडे तापमान फॅरनहाइटमध्ये असतं, म्हणून मी ते २७५ करून दिलं. आता माझं काम आंतरराष्ट्रीय आहे.

आमच्या घराण्यात अंडं हा पुरुषांचा प्रांत. त्यामागे इतिहास आहे आणि तो मी सांगणारच. ज्यांना फक्त कृती हवी होती त्यांनी आता उठायला हरकत नाही.

सत्तरच्या दशकातली डोंबिवली. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. मी हडकुळा. डॉक्टरांनी छाती तपासून आईला सांगितलं, ‘याला रोज एक अंडं द्या.’ आईने जमिनीकडे पाहिलं आणि बाबांनी डॉक्टरांकडे. बाबांच्या नजरेत तेवढी कृतज्ञता मला पुढे त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही दिसली नाही. रोजचं रविवारवर आलं, कारण रोज म्हटलं तर आईने घर सोडलं असतं. अंडं लिहून दिलं होतं मला. बाबा ‘पोराला सोबत’ म्हणून दोन खात.

त्यासाठी पातेलं आलं. अॅल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेलं, झाकण नसलेलं. ते गॅलरीतल्या फळीवर, मोडक्या छत्र्या आणि रॉकेलच्या डब्यामागे राहायचं. त्याच्यासाठी घरात एक अलिखित घटना होती. पातेल्याने उंबरा ओलांडायचा नाही. त्यात नळाचं पाणी चालेल, माठातलं नाही. त्याचा चमचा वेगळा, दांड्याला लाल दोरा बांधलेला, म्हणजे काळोखातही गफलत नको. वातीचा स्टोव्ह बाहेर गेला तो गेलाच, त्याला परत नागरिकत्व नाही. मीठ कागदाच्या पुडीतून न्यायचं आणि उरलेलं मीठ घरात आणायचं नाही. मिरपूड मिळणार नाही. कांदा मिळेल, पण कापलेला मिळेल, विळी मिळणार नाही. काडेपेटीबद्दल मात्र घटना मुग्ध होती, कारण काडेपेटी एकच होती.

अंडी आणायचं कामही बाबांचं. कापडी पिशवीत खाली अंडी, वर मेथीची जुडी. पिशवी ज्या नाजूकपणे धरून ते जिना चढत, त्यावरून मेथी इतकी जपून कुणी आणत नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. टरफलं वर्तमानपत्राच्या अग्रलेखाच्या पानात गुंडाळायची आणि दिवेलागणीला, पाय मोकळे करायला म्हणून जाऊन, लांबच्या उकिरड्यावर टाकायची. तिथे त्यांना शेजारच्या दोन-तीन बिऱ्हाडांतले गृहस्थ पाय मोकळे करताना भेटत. ‘काय, फिरायला?’ ‘हो, जरा फिरायला.’ प्रत्येकाच्या काखेत एकेक अग्रलेख.

वासाचं काय करायचं, हा मात्र प्रश्न होता. अंडं जास्त उकळलं की पांढऱ्या भागातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन सुटतं. तेच बलकातल्या लोखंडाला भेटलं की बलकाभोवती हिरवट कडा धरते. हे रसायनशास्त्र मला पुढे शाळेत कळलं, गॅलरीला ते नाकाने आधीच माहीत होतं. रविवारी सकाळी वास सुटला की कुणीतरी काकू दारात येऊन म्हणायच्या, ‘गटार तुंबलंय वाटतं.’ पलीकडून दुसऱ्या काकू म्हणायच्या, ‘हो ना, नगरपालिकेला काही पडलेलीच नाही.’ आमच्या गॅलरीतलं गटार अनेक वर्षं फक्त रविवारी सकाळीच तुंबत असे. श्रावणात ते आपोआप साफ होई.

पुढे पातेल्याला घरात प्रवेश मिळाला तो सरकारी पडद्यामुळे. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने कोंबडीपालकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. आपल्या अंड्याचा भाव व्यापाऱ्याने का ठरवायचा, तो आपणच जाहीर करू, हा तिचा बाणा. भारतातल्या आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणवले जाणारे हे राव आपल्या पुण्यातूनच कारभार चालवायचे. या समितीच्या जाहिराती दूरदर्शनवर लागू लागल्या. ज्या पडद्यावर रविवारी रामायण दिसतं त्याच पडद्यावर जे दिसतं ते अगदीच पाप नसावं, असा आईने विचार केला असणार. एके दिवशी पातेलं मोरीच्या कट्ट्यावर आलं. घटनादुरुस्ती झाली, चर्चा झाली नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे वेळ. बाबांकडे एचएमटीचं घड्याळ होतं, पण ते कचेरीसाठी. रविवारी ते कपाटात असे. आई सकाळी देवापुढे रामरक्षा म्हणायला बसली की बाबा स्टोव्ह पेटवत, कारण तेवढा वेळ ती बाहेर येऊन काही बोलण्याची शक्यता नसे. पाण्याला उकळी फुटलेली असायची, आतून पहिला श्लोक ऐकू आला की बाबा अंडी सोडायचे. रामरक्षेचे श्लोक ३८. ते संपले की स्टोव्ह बंद. मध्ययुगीन युरोपातल्या पाककृतींमध्येही ‘अमुक प्रार्थना म्हणून होईपर्यंत शिजवा’ असं लिहिलेलं असे. घड्याळं घरोघरी नव्हती, देव होता. पण त्या स्वयंपाक्यांनी प्रार्थना स्वतः म्हटली असणार. आमच्याकडे शिजवणारा गॅलरीत आणि प्रार्थना घरात, अशी वाटणी होती.

आणि आईला हे माहीत होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण पुरावे सगळे बलकात आहेत. आदल्या रात्री दोघांचं वाजलेलं असलं की दुसऱ्या दिवशी रामरक्षा फास्ट जायची आणि अंडं फोडताच बलक बाबांच्या मनगटावरून ओघळायचा. मी तापातून उठलेला असलो, आणि डॉक्टरांनी ‘नीट शिजवून द्या’ म्हणून बजावलेलं असलं, की ती फलश्रुतीपाशी रेंगाळायची, वर मारुतिस्तोत्र जोडायची. बाबा बाहेर स्टोव्हशी बसून ‘आज काय लांबलंय’ म्हणून पुटपुटत राहायचे. अंडं त्या दिवशी बरोबर व्हायचं. योगायोगाने एवढी वर्षं इतकी नेमकी नोकरी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आईने जन्मात अंडं चाखलं नाही, आणि आमच्या घरातलं प्रत्येक अंडं तिने शिजवलं.

नाव मात्र बाबांचं झालं. ‘अंडी उकडावीत तर यांनीच!’ असं काका म्हणायचे, मामा म्हणायचे, आणि बाबा नको नको म्हणत ते स्वीकारायचे. घटनेतलं शेवटचं कलम कुणी उच्चारतही नसे, की नंतर ते पातेलं घासायचं कुणी? ते आई घासायची. गॅलरीच्या टोकाच्या नळावर, राखेने, नाकाला पदर लावून. मग त्या सकाळी दुसऱ्यांदा आंघोळ करायची आणि आमच्या दुपारच्या जेवणाला लागायची. त्या जेवणाला कुणी काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. मीठ कमी पडलं तेव्हा म्हणत.

माझी चिडचिड होते ती इथे. पुरुषाने एक अंडं उकडलं की ती बातमी होते. घर जमतं, फोटो निघतो, न्यू जर्सीपर्यंत टाळ्या वाजतात. माझ्या अंड्यांशेजारी त्याच ताटात त्या दिवशी पोळ्या होत्या, पदर सुटलेल्या, घडीच्या, वाफ निघणाऱ्या. फोटो नीट यावा म्हणून मी त्या बाजूला सरकवल्या होत्या. बायको लग्न झाल्यापासून रोज पोळ्या करते, तिला कोणी किती अंशांवर करतेस म्हणून विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिलाही सांगता आलं नसतं, कारण तव्यावर हात आडवा धरला की तिला कळतं, आणि तळहाताला आकडे नसतात. आकडे नसलेल्या ज्ञानाला आपल्याकडे ‘सवय’ म्हणतात. आकडे असले की तेच ‘तंत्र’ होतं आणि ते सांगायला माझ्यासारखा माणूस लागतो.

आई आता पंच्याऐंशीची आहे आणि आमच्याकडेच असते. एअर फ्रायरविषयी तिचं मत अनुकूल आहे, कारण त्याला पातेलं लागत नाही. परवा रविवारी मी टोपलीत अंडी लावली आणि बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं तशी आतल्या खोलीतून रामरक्षा सुरू झाली. हल्ली ती सावकाश म्हणते. दर दोन श्लोकांना थांबते, श्वास घेते, कधी मागचा श्लोक पुन्हा उचलते. घंटी वाजली तेव्हा मी रुबाबात टोपली बाहेर ओढली.

आतून आवाज आला, ‘अरे, फलश्रुती राहिलीय अजून. कच्चं असेल ते.’

मी म्हटलं, ‘आई, एकशे पस्तीस अंशांवर सोळा मिनिटं झाली आहेत.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि पुढचा श्लोक सुरू केला.

मी टोपली परत आत सरकवली. यंत्राचा अवमान म्हणून नव्हे, अंडी या खेपेला जरा मोठी होती. तिची फलश्रुती संपली तेव्हा काढली. बलक मधोमध बसलेला, हिरवी कडा नाही, बोटाला चिकटणं नाही. इतकं नेमकं अंडं त्या यंत्रातून त्याआधी निघालेलं नव्हतं. ग्रुपवर फोटो टाकताना खाली लिहिलं, ‘नवीन सुधारित पद्धत.’ चुलतभावाने लगेच विचारलं, ‘टायमिंग?’ मी ‘सांगतो’ म्हणून ठेवलंय. फॅरनहाइटसारखा याचा हिशेब करून देता येत नाही.

बायको मागे उभी राहून हे सगळं पाहत होती. ‘एवढं जर त्या यंत्राला येतं,’ कणकेची परात माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, ‘तर आजच्या पोळ्याही होऊन जाऊ देत.’ मी तिला समजावलं की पंख्याचा झोत हलका पदार्थ उचलतो, पापडाचं काय झालं ते तिने पाहिलंच आहे, पोळीही तशीच उडून कॉइलला जाऊन चिकटण्याची दाट शक्यता आहे, आणि मुळात पोळीला खालून धातूचा थेट चटका लागतो तर इथे मिळते ती चहूबाजूंनी फिरणारी हवा, हा उष्णतेच्या वहनातला मूलभूत फरक आहे. विषय गुंतागुंतीचा असल्यामुळे जरा विस्ताराने सांगावं लागलं. सांगून झालं तेव्हा पोळ्या झाल्या होत्या.